इंजिन बांधून झालं, आता पंखा कुठला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २२ फुटी फायबर बोट, देवबाग-तारकर्लीला पर्यटकांसाठी चालते. मागे ११५ हॉर्सपॉवरचं यामाहा फोर-स्ट्रोक, १८३२ सीसीचं. पावसाळ्यात इंजिन पूर्ण उघडून बोअर केलं (सिलिंडर आतून घासून थोडे रुंद केले), अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा घातल्या, बेअरिंगं बदलली. पंखा (प्रोपेलर) जुनाच, १३ १/४ × १७, ॲल्युमिनियमचा; पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेरीत पंखा हिशेबाने किती पुढे जायला हवा तो, दोन्ही इंचांत. इंजिनाची तब्येत बरी होती तेव्हा फुल थ्रॉटलला ५४०० आरपीएम आणि २९ नॉट मिळत होते. आता काटा ४७०० वर अडकतो आणि मोबाइलचा जीपीएस २१ नॉट दाखवतो. मेकॅनिक म्हणतो १३ पिचचा पंखा घाला, शेजारचा बोटवाला म्हणतो चार पात्यांचा स्टेनलेस घ्या. कुठला घ्यावा?

आत्ता कुठलाच घेऊ नका. तुमच्याच आकड्यांवरून मला तरी दुखणं पंख्याचं दिसत नाही. इंजिनाचंही फारसं दिसत नाही. का, ते सांगतो.

बोअर केलं की इंजिनाची ताकद वाढते, मग पंखाही बदलावा लागतो, असा आपल्याकडे समज आहे. हिशेब करून बघा. या इंजिनाचा बोअर ८१ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८.९. बोअर ८१.५ केला की १८३२ सीसीचे १८५५ होतात. म्हणजे सव्वा टक्का, जेमतेम दीड घोडा. पंखा पाण्यात फिरवायला लागणारी ताकद आरपीएमच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, प्लेनिंग बोटीत, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीत, त्याहून जरा कमी. त्यामुळे सव्वा टक्का जास्त ताकदीचे पंचवीस-तीस आरपीएम होतात, आणि काट्याची जाडीच तेवढी असते.

उलट बाजूनेही तेच. झिजलेल्या रिंगांमुळे इंजिन दहा टक्के कमजोर झालं होतं असं धरलं, तरी आरपीएममध्ये फरक पडतो साडेतीन-चार टक्के, म्हणजे दोनशेच्या आसपास. एक इंच पिचला सर्वसाधारणपणे दीडशे ते दोनशे आरपीएम जातात. तेव्हा चांगलं बांधलेलं इंजिन पंख्याची निवड फार तर एक इंचाने इकडेतिकडे करतं. चार इंचाचा फरक सांगणारा माणूस दुसरंच काहीतरी झाकतोय. जाणूनबुजून असेल असं नाही, पण झाकतोय.

आता तुमचे ४७००. ५४०० वरून ४७००, म्हणजे ८७ टक्के. त्याचा घन ६६ टक्के येतो. बोट, वजन आणि पंखा सगळं पूर्वीसारखंच असेल, तर या हिशेबाने इंजिन एक तृतीयांश ताकद हरवून बसलंय, ११५ च्या जागी ७५-८० घोडे. नवीन रिंगांचा घट्टपणा एवढं खात नाही. चार सिलिंडरांपैकी एक पूर्ण बंद पडला तर एवढं होतं, आणि तसं झालं असतं तर इंजिन आयडलिंगलाच थरथरलं असतं आणि तुम्ही ते प्रश्नात पहिल्याच ओळीत लिहिलं असतं.

म्हणून दुसरा आकडा बघायचा, स्लिप, म्हणजे पंखा पाण्यात किती टक्के घसरतो. आरपीएमला पिचने गुणा, गिअर रेशोने भागा, मग १२१५ ने भागा. पंखा पाण्यात जराही न घसरता स्क्रूसारखा पुढे गेला असता तर जो वेग मिळाला असता तो नॉटमध्ये येतो. (सागरी मैल १८५२ मीटरचा, म्हणजे ७२,९१३ इंचांचा. त्याला ६० ने भागलं की १२१५.) तुमच्या गिअरकेसचा (इंजिनाच्या तळाशी पंखा फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचा) रेशो २.१५ आहे, म्हणजे इंजिनाच्या २.१५ फेऱ्यांना पंख्याची एक. पूर्वी ५४०० ला हिशेबी वेग ३५ नॉट, प्रत्यक्षात २९, म्हणजे स्लिप साडेसतरा टक्के. अशा बोटीला हे अगदी ठीक. आज ४७०० ला हिशेबी वेग साडेतीस नॉट आणि प्रत्यक्षात २१. स्लिप ३१ टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरंच कळतं. आरपीएम कमी झाले पण स्लिप पूर्वीइतकीच असेल, तर बोट तीच आहे, इंजिन कमी देतंय. आरपीएम वाढले आणि स्लिप तेवढीच, तर इंजिन खरोखर सुधारलंय आणि पिच वाढवायचा विचार करता येतो. आरपीएम वाढले आणि स्लिपही वाढली, तर पंख्याला हवा लागतेय, पाती झिजलीत किंवा पंख्याच्या मधोमध शाफ्टवर बसणारं रबर हब घसरतंय. आणि आरपीएम कमी, स्लिप जास्त, म्हणजे तुमची स्थिती, तर बोट जड झालीय. इंजिन ओढतंय, पण त्याला पूर्वीपेक्षा जास्त ओढायला लावलंय. वेग कमी झाला की स्लिप थोडी वाढतेच, हे मान्य. पण १७ वरून ३१ हे त्यात बसत नाही.

बोट जड कशाने होते? तुमचं इंजिन दुरुस्तीसाठी ट्रान्समवरून (बोटीच्या मागच्या उभ्या फळीवरून) उतरवलं होतं, तेव्हा पहिली शंका मला तिथेच. परत चढवताना ते एक भोक खाली बसलं का? आउटबोर्डच्या ब्रॅकेटमधली भोकं पाऊण इंचावर असतात. एक भोक खाली गेलं की गिअरकेस तेवढी जास्त पाण्यात घासते, आरपीएम शंभरेक पडतात, वेगही पडतो आणि मागे फवारा उडतो. पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित वर असायला हवी. जुन्या बोल्टांचे वळ ट्रान्समवर अजून दिसत असतील, टॉर्च घेऊन बघा.

दुसरी शंका तळाची. बोट चार महिने वाळूवर कशी ठेवली होती? दोनच ओंडके, त्यातला एक ट्रान्समच्या पुढे फूटभर, अशी ठेवली असेल तर फायबर तिथे आत दबतो. ट्रान्समपासून पुढे पाच-सहा फूट तळाला सरळ लाकडी पट्टी लावा. पट्टी आणि तळ यांच्या मधून उजेड दिसला तर तळाला पोकळ आलीय. अशी बोट वेगात नाक खाली दाबते आणि ओल्या तळावर घासत जाते, इंजिनाचा कल (ट्रिम) कितीही बदला. बोट खाडीतच बांधून ठेवली असेल तर मग प्रश्नच नाही, कर्लीच्या पाण्यात शेवाळ आणि बारीक शिंपले धरायला दोन महिने पुष्कळ झाले. गिअरकेसवर आणि पाण्याच्या जाळीवर चिकटलेलेही खरवडा.

तिसरं वजन. डेकखालच्या फोमने पावसाचं पाणी प्यायलं का? ड्रेन प्लग काढून बोट एक रात्र नाक वर करून ठेवा, सकाळी बघा. यंदा नवं छत, जास्तीची बॅटरी, स्कूबाच्या सिलिंडरचं रॅक असं काही चढलंय का? नेहमीचे ॲल्युमिनियमचे डायव्हिंग सिलिंडर रिकामे असतानाही प्रत्येकी चौदा-पंधरा किलो भरतात. सहा ठेवले की एक माणूस जास्त बसला असं समजा.

हे सगळं बघताना इंजिनाकडेही एकदा नजर टाका, कारण बांधणीनंतर दोन गोष्टी फार वेळा राहून जातात. एक म्हणजे थ्रॉटल केबल. इंजिन बंद ठेवून एकाने लीव्हर पूर्ण पुढे करायचा, दुसऱ्याने काउल (इंजिनाचं झाकण) काढून थ्रॉटलचा लिव्हर स्टॉपला टेकतो का ते बोटाने चाचपायचं. दोन-तीन मिलिमीटर राहिलं तरी इंजिन पूर्ण उघडत नाही. दुसरं म्हणजे टॅकोमीटर. मीटर बदलला असेल आणि मागचं पोलचं सेटिंग चुकलं असेल, तर दाखवलेल्या आकड्याला अर्थच उरत नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखं यायला हवं. कोणता आकडा येतो त्यापेक्षा ते एकमेकांशी जुळतात का हे महत्त्वाचं. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तो एक दात पुढेमागे बसला तर इंजिन नीट सुरू होतं, खाली छान चालतं आणि वर जाऊन गुदमरतं. मेकॅनिकला खुणा जुळवून दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक त्याचा राग धरत नाही.

आणि मुळात, फुल थ्रॉटल दिलात कधी? नव्या पिस्टन-रिंगांना पहिले दहा तास जपायचे असतात. पहिला तास दोन हजारांच्या आसपास, दुसरा तीन-साडेतीन हजारांपर्यंत, मध्येमध्ये कमीजास्त करत. त्यानंतर कुठलाही वेग चालेल, पण सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त फुल नाही. एकाच वेगावर तासभर पळवत ठेवणं तर नाहीच. दहा तास झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, त्यानंतरच पंख्याची चाचणी घ्या. त्याआधी घेतलेले आकडे कच्चे.

चाचणीही नीट घ्या. भरती-ओहोटीचा प्रवाह खाडीच्या तोंडाशी दोन-तीन नॉट सहज खातो किंवा देतो, म्हणून एकाच पट्ट्यात जाऊन-येऊन वेग घ्यायचा आणि सरासरी काढायची. टाकी अर्धी. ट्रिम हळूहळू बाहेर काढत जा, पंख्याला हवा लागून आवाज चढायला लागला की एक टिचकी आत, तिथे धरून दहा-पंधरा सेकंद. दोन फेऱ्या करा, एक फक्त दोन माणसांची आणि एक खऱ्या भाराची. शनिवारी जेवढे पर्यटक बसतात तेवढ्या वजनाची माणसं किंवा पाण्याचे कॅन भरा. बोट पाण्यावर उचलायला किती सेकंद लागतात तेही लिहा.

समजा हे सगळं झालं, इंजिन एक भोक वर आलं, तळ साफ झाला आणि आरपीएम ५३००-५४०० वर परतले. तर मग पंखा कसा ठरवायचा?

या इंजिनाची फुल थ्रॉटलची हद्द ५३०० ते ६३००. बरेच जण रिकाम्या बोटीत ५५०० आले की खूश होतात आणि तिथेच थांबतात. पण तुमची बोट रिकामी धंदा करत नाही. आठ पर्यटक आणि दोन माणसं तुमची, म्हणजे सातशे किलो. त्या भारात १७ चा पंखा ५१००-५२०० देत असेल तर तो जड आहे. हद्दीच्या खालीच आहे, आणि मे महिन्यातल्या गरम, दमट हवेत इंजिन आणखी थोडं कमी देतं, त्यात तळावर महिनाभराचं शेवाळ बसलं की ५००० च्याही खाली जाल. जड पंख्यावर इंजिन पळवणं म्हणजे आंबोलीचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढणं. गाडी चढते, पण पिस्टन आणि बेअरिंगांवर काय दाब येतो ते नंतर कळतं. नुकतं बांधलेलं इंजिन एका हंगामात परत उघडावं लागतं ते बहुतेक याने, जास्त आरपीएमने नव्हे. जास्त आरपीएमला लिमिटर तरी असतो, कमी आरपीएमला कोणी थांबवत नाही.

अशा वेळी १५ पिचचा घ्या, १३ १/२ × १५. दोन इंच पिच कमी केल्याने तीनशे-चारशे आरपीएम वाढतील, भारात ५५०० येतील. रिकाम्या बोटीत ६३०० ओलांडत नाही ना, एवढं तपासा. वेग जाईल ही भीती असते, ती आकड्यांनी घालवतो. भरलेल्या बोटीत १७ चा पंखा ५१५० ला २५ टक्के स्लिपने चालला तर २५ नॉट. १५ चा ५५०० ला २० टक्के स्लिपने चालला तर तेही २५ नॉट. वेग तोच, बोट लवकर उठते, इंजिन मोकळं. रिकाम्या बोटीत मात्र एखाद-दुसरा नॉट जाईल. जाऊ द्या.

१३ चा घातला असता तर आज काटा ५४०० वर आला असता, मेकॅनिक शाबासकी घेऊन गेला असता आणि वेग वीस नॉटच्या आतच राहिला असता. पुढे कधी तळ साफ केलात की रिकाम्या बोटीत इंजिन लिमिटरवर आपटत राहिलं असतं. १३ चा पंखा वाईट नाही, पॅरासेलिंगच्या किंवा बनाना राइड ओढणाऱ्या बोटीला तो योग्य ठरू शकतो. तुमचं काम ते नाही.

एक बारीक गोष्ट. तुमचा जुना १७ चा पंखा आता खरोखर १७ चा राहिलाय का? देवबागच्या संगमावर वाळूच्या पट्टीवरून ये-जा करणाऱ्या बोटींच्या पंख्याची पाती टोकांना गोल होतात, रंग उडून चंदेरी दिसतात आणि मागच्या कडेची बारीक वळलेली ओठासारखी धार आधी जाते. ती धार पाणी धरून ठेवते. ती गेली की पंखा हलका फिरतो आणि शंभर-दीडशे आरपीएम फुकटचे जास्त दिसतात. त्यामुळे त्याच नंबरचा कोरा पंखा बसवलात तर आरपीएम उलट पडतील. लोक मग नव्या पंख्याला शिव्या देतात.

स्टेनलेसबद्दल. स्टेनलेसची पाती पातळ असतात, जोरात वाकत नाहीत, म्हणून वेग आणि पकड दोन्ही थोडी वाढते. मोकळ्या, खोल पाण्यात मी आनंदाने सुचवतो. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. ॲल्युमिनियमचं पातं खडकावर लागलं की वाकतं किंवा तुटतं आणि धक्का तिथेच संपतो. स्टेनलेसचं पातं वाकायला तयार नसतं, मग रबर हबने नाही झेपलं तर धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत जातो. खालचं गिअर उघडायचा खर्च एकदा आला की वाचवलेलं पेट्रोल आठवतही नाही. किल्ल्याजवळ आणि संगमावर फिरणाऱ्या बोटीला ॲल्युमिनियमच बरा, आणि एकाच्या जागी दोन घ्या.

चार पात्यांचा पंखा भरलेल्या बोटीला खरंच मानवतो. कमी वेगातही बोट प्लेनवर टिकते, वळणावर हवा कमी धरतो, थरथर कमी. त्याच पिचला तीन पात्यांपेक्षा पन्नास ते दीडशे आरपीएम जास्त खातो, म्हणून तीनवरून चारवर जाताना पिच एक इंच कमी धरायची. तुमच्या शेजाऱ्याचा सल्ला निम्मा बरोबर आहे, फक्त त्याने पिच सांगितली नाही, आणि पिचशिवाय पंखा सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

खरेदी करताना हबवरचा शिक्का वाचा. यामाहाच्या या गिअरकेसच्या पंख्यांवर आकड्यांनंतर ‘के’ हे अक्षर असतं. मोठ्या इंजिनांच्या पंख्यांवर ‘एम’. आकडे जुळले आणि अक्षर नाही जुळलं तर पंखा बसणार नाही. एकाच मालिकेत पिच वाढते तसा व्यास थोडा कमी होतो, ते कारखान्याने जुळवलेलं असतं. कापून व्यास कमी करून देतो असं कोणी म्हटलं तर आउटबोर्डला तरी नको म्हणा.

इनबोर्ड डिझेलवाल्यांसाठी दोनच वाक्यं. तिथे जड पंख्याची खूण काळा धूर आणि गव्हर्नरच्या ठरलेल्या आरपीएमपर्यंत न पोचणं ही असते, आणि पितळी पंख्याची पिच वर्कशॉपमध्ये इंच-दीड इंच बदलून मिळते, नवा घ्यावा लागत नाही. बाकी हिशेब हाच.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण उन्हाळ्यानंतर हीच बोट तापोळ्याला न्यायचा विचार असेल तर १५ चाही जड पडेल. कोयनेच्या शिवसागराची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून जवळपास ६६० मीटर आहे. दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे तिथे सहा-सात टक्के कमी. एक इंच आणखी उतरा.

बसवताना: जुना पंखा काढलात की शाफ्टच्या मुळाशी बघा. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला सापडला तर तो नुसता काढून पुढे जाऊ नका. तो सील कापत आत शिरतो, म्हणून गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आधी सील. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर वर्षभराने पंखा हातोड्यानेही निघत नाही. थ्रस्ट वॉशर आधी, निमुळती बाजू शाफ्टच्या निमुळत्या बाजूला. तो विसरला तर पंखा गिअरकेसवर घासतो. नट आवळून नवी स्टेनलेस कॉटर पिन, जुनी सरळ करून परत नाही.

मग ऑइल पेंटने हबच्या आतल्या पितळी भागावरून बाहेरच्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढा, वाळू द्या. महिन्याभराने बघा. रेघ तुटून दोन तुकडे बाजूला सरकले असतील तर रबर घसरतंय. आरपीएम चढतात आणि बोट पुढे जात नाही, त्याचं कारण तेच, पिच नव्हे. जुना १७ चा कारागिराकडून सरळ करून घ्या आणि पाना, पक्कड, नट, वॉशर, दोन कॉटर पिनांसह सीटखाली ठेवा.

इंजिनाचं भोक, तळावरची पट्टी आणि जाऊन-येऊन घेतलेले भारातले आकडे एवढं कळवा. मग १५ चा तीन पात्यांचा की १४ चा चार पात्यांचा, ते बघू.